आधी तागडीचा पासंग काढा, मग नेमाला नावे ठेवा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या वेळी ते मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला होते. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळविले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पडायला ७२ वर्षे लागली.

तेव्हापासून आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींत रायफलीच्या गोष्टी वाढल्या आहेत. कॉलेजात एन.सी.सी.ला नाव घालणारी मुले वाढली, मुली तर जास्तच वाढल्या. त्यांच्या आईवडिलांचा एक प्रश्न मात्र आम्हास पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. "साहेब, त्या बंदुकीला दुर्बीण असते म्हणूनच एवढा नेम लागतो ना? मग आमच्या लेकराला दुर्बीण कोण घेऊन देणार?"

हा प्रश्न आम्ही मनावर घेतला. एका रायफल क्लबात परवानगी काढून दोन रविवार बसलो, तेथील जाणत्या माणसांना दुर्बीण बसवताना आणि रायफल शून्यावर आणताना पाहिले. आमच्या वस्तीतल्या निवृत्त सुभेदारांना गाठून शंका विचारल्या. जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण त्यात रायफलीपुरते नसलेले शहाणपणही थोडे आहे.

पॉइंट टू टू म्हणजे काय?

पहिली गोष्ट अशी की कुसाळे ज्या प्रकारात खेळले त्यात रायफलीवर दुर्बीण लावायला मनाई आहे. मागे बारीक भोकाची चकती, पुढे एक गोल कडे, आणि त्या कड्यात दूरचा काळा चांद मधोमध धरायचा, एवढेच साधन. ५० मीटरवरच्या त्या कागदी चांदातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. आपल्या करंगळीच्या नखाएवढे म्हणा. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला याच अंतरावर, पालथे पडून मारण्याच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या, त्याही दुर्बिणीवाचूनच. तेव्हा दुर्बीण नाही म्हणून लेकराचा खेळ अडला, असे कोणीही मनात आणू नये.

त्यांच्या हातातली रायफल आणि एन.सी.सी.च्या मुलांच्या हातातली रायफल एकाच जातीचे काडतूस खातात. त्याला पॉइंट टू टू म्हणतात. नळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकी साधारण बावीस भाग, म्हणजे ५.६ मिलिमीटर. आज चालते ते 'लाँग रायफल' काडतूस १८८७ साली अमेरिकेत निघाले. शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, दुमडलेल्या काठात भरलेला असतो आणि रायफलीची सुई त्या काठावरच ठोका मारते. म्हणून याला रिमफायर, म्हणजे काठावर पेटणारे काडतूस म्हणतात. यामुळेच जुन्या रिमफायर रायफलीचा चाप रिकाम्या चेंबरवर उगाच ओढू नये. मध्ये काडतुसाचा काठ नसला की सुई थेट चेंबरच्या लोखंडावर आपटते आणि दोन्ही खराब होतात.

या काडतुसाला धक्का नाही, आवाज बेताचा, किंमत मोठ्या काडतुसांच्या मानाने कमी. म्हणून जगभर नेमबाजीची बाराखडी यावरच गिरवतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे पिकाची नासाडी करणाऱ्या सशांसाठी शेतकरी पॉइंट टू टूवर दुर्बीण लावतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे दुर्बिणीचे काम क्लबाच्या मैदानावर, कागदावर नेम धरण्यापुरतेच.

दुर्बीण काय करते आणि काय करीत नाही

दुर्बीण लक्ष्य जवळ आणते आणि लक्ष्यावर एक बारीक काळी फुली दाखवते. फुलीच्या मध्यावर गोळी लागेल असे पाहणाऱ्याला वाटते. पण गोळी फुलीतून निघत नाही, नळीतून निघते. नळी खाली आहे आणि दुर्बीण तिच्यावर साधारण चार सेंटिमीटर उंच बसवलेली आहे. नळी एकीकडे पाहत असेल आणि दुर्बीण दुसरीकडे, तर जगातला सर्वात स्थिर हातही कामाचा नाही. या दोघींना ठराविक अंतरावर एकाच ठिपक्याकडे पाहायला लावणे, यालाच रायफल शून्यावर आणणे म्हणतात.

आपल्या बायाबापड्यांना हे सांगावे लागत नाही. भाजीवाल्याने तागडी उचलली की त्या आधी रिकामी पारडी पाहतात. पारडे एका बाजूला झुकत असेल तर म्हणतात, "दादा, आधी पासंग काढा." वजने खरी असली आणि भाजी ताजी असली तरी पासंग असलेल्या तागडीत माप खोटेच पडते. रायफलीचेही तसेच आहे.

बसवण्याचे काम

काम सुरू करण्याआधी मॅगझिन काढायचे, बोल्ट उघडायचा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहायचे आणि बोट घालून चाचपायचे. काडतुसांची डबी त्या टेबलावर ठेवायचीच नाही. क्लबातल्या वस्तादांनी हे आमच्यासमोर दोनदा केले. "एकदा रायफलीसाठी, एकदा माझ्या सवयीसाठी," असे ते म्हणाले.

बहुतेक पॉइंट टू टू रायफलींच्या पाठीवर दोन समांतर खाचा कोरलेल्या असतात. कुठे त्या ११ मिलिमीटर रुंदीच्या, कुठे तीन अष्टमांश इंचाच्या. दुर्बीण धरणाऱ्या दोन रिंगांचे पाय या खाचांत सरकवून आवळतात. काही रायफलींवर खाचांऐवजी आडव्या चिरा असलेली पट्टी असते, तिच्या रिंगा वेगळ्या. दुर्बिणीची नळीही बहुधा दोन मापांत मिळते, एक इंचाची आणि ३० मिलिमीटरची. रिंग, खाच आणि नळी यांची मापे जुळली पाहिजेत. पत्र्याचा तुकडा घालून 'चालवून घेतो' म्हणणाऱ्याच्या रायफलीचा नेम दर रविवारी नवीन जागी जातो.

रिंग किती उंच घ्यावी? दुर्बिणीचे पुढचे रुंद तोंड नळीला टेकता कामा नये आणि बोल्ट मागे ओढताना दुर्बिणीला घासता कामा नये. एवढे साधेल त्यात सर्वात बुटकी रिंग चांगली, म्हणजे गाल दस्त्यावर नीट टेकतो. मान उंचावून पाहावे लागले तर डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो.

खाचा, रिंगा आणि स्क्रू कोरड्या फडक्याने पुसून तेल काढून टाकायचे, कारण तेलकट जागी पकड सुटते. रिंगांचे खालचे अर्धे भाग बसवून त्यात दुर्बीण ठेवायची, वरचे अर्धे भाग नुसते हाताने लावायचे. आता दुर्बीण पुढेमागे सरकवून डोळ्याचे अंतर पाहायचे. साधारण आठ ते दहा सेंटिमीटरवर डोळा असला की पूर्ण गोल चित्र स्वच्छ दिसते. जवळ किंवा लांब गेले की कडेने काळी सावली येते. हे अंतर मारणाऱ्याने स्वतः नेहमीच्या स्थितीत, डोळे मिटून गाल टेकवून आणि मग डोळे उघडून ठरवायचे. दुसऱ्याच्या डोळ्याने ठरवलेले अंतर उपयोगी नाही.

मग फुली उभी सरळ करायची. येथे आमच्या गवंडी बांधवांचे हत्यार कामाला येते. वीस-पंचवीस मीटरवर ओळंबा लोंबता ठेवायचा. रायफल आडवी-सरळ टेकवून दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीला लावायची. रेघ तिरकी राहिली तर जवळच्या अंतरावर कळत नाही. पण लांबवर मारताना नेम वर घेतला की गोळी बाजूलाही सरकते.

शेवटी स्क्रू. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे करायचे नाही. सायकलच्या किंवा मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. रिंगेच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. रिंगांच्या स्क्रूंना साधारण १५ ते २० इंच-पौंड एवढाच जोर लागतो. म्हणजे लहान ॲलन की दोन बोटांत धरून आवळावी तेवढा. मनगटाची ताकद लावली की दुर्बिणीची पातळ नळी चेपते आणि आतल्या भिंगांचे काम बिघडते.

गोळी न झाडता अर्धे काम

आता रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवायची. बोल्ट पूर्ण काढून मागून नळीतून पाहायचे. २५ मीटरवरचा चांद नळीच्या गोल भोकात मधोमध येईपर्यंत पिशव्या हलवायच्या. मग रायफलीला धक्का न लावता दुर्बिणीतून पाहायचे. फुली चांदावर नसेल तर घुंड्या फिरवून ती चांदावर आणायची. या कामाला एकही काडतूस लागत नाही आणि पहिली गोळी निदान कागदावर तरी पडते. ज्यांनी ही पायरी गाळली त्यांची अर्धी डबी कागद शोधण्यात संपलेली आम्ही पाहिली.

एक बारीक परीक्षाही येथेच करून घ्यावी. रायफल स्थिर ठेवून डोळा किंचित डावीउजवीकडे हलवायचा. फुली चांदावर सरकताना दिसली तर त्याला पॅरलॅक्स म्हणतात. रिमफायरसाठी बनवलेल्या दुर्बिणी साधारण ५० यार्डांवर हा दोष राहू नये अशा बेताने जुळवलेल्या असतात. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठी जुळवतात. म्हणून मोठ्या रायफलीची दुर्बीण पॉइंट टू टूवर चढवली की जवळच्या अंतरावर डोळ्याच्या जागेप्रमाणे नेम हलतो.

शून्याचा हिशेब

आमचा पेशा आकडे लिहिण्याचा, म्हणून हा भाग आम्हास विशेष आवडला.

वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाचे ६० भाग, त्यांना मिनिट म्हणतात. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर, ५० मीटरवर साडेचौदा, २५ मीटरवर सव्वासात. दुर्बिणीच्या घुंडीला घड्याळाला चावी देताना येतो तसा टिकटिक आवाज येतो. बहुतेक दुर्बिणींत एक टिक म्हणजे पाव मिनिट. म्हणजे ५० मीटरवर एका टिकेला गोळी ३.६ मिलिमीटर सरकते, २५ मीटरवर १.८ मिलिमीटर. वरची घुंडी वर-खाली करते, बाजूची डावे-उजवे करते. घुंडीवर बाण आणि अक्षर असते. बाणाच्या दिशेला फिरवले की गोळी त्या बाजूला जाते.

पहिल्यांदा २५ मीटरवर पाच गोळ्या मारायच्या. पाचही एकाच फुलीने, एकाच ठिकाणी नेम धरून. पहिली गोळी बाजूला गेली म्हणून दुसरीला नेम बदलायचा नाही आणि घुंडीलाही हात लावायचा नाही. पाच झाल्या की कागद आणायचा आणि पाच भोकांच्या पुंजक्याचा मध्य पेन्सिलीने ठरवायचा. समजा मध्य चांदाच्या ४५ मिलिमीटर डावीकडे आणि २७ मिलिमीटर खाली आहे. ४५ भागिले १.८ म्हणजे २५ टिका उजवीकडे. २७ भागिले १.८ म्हणजे १५ टिका वर. घुंड्या फिरवा आणि पुन्हा पाच मारा. पुंजका मध्यावर आला की कागद ५० मीटरवर न्या.

५० मीटरवर पुंजका १८ मिलिमीटर उजवीकडे आणि ११ मिलिमीटर खाली पडला, तर पाच टिका डावीकडे, तीन टिका वर. पुन्हा पाच मारून खात्री करा. २० काडतुसांत काम झाले. हिशेब न करता अंदाजाने घुंडी फिरवणारा ५० ची डबी संपवून उठतो आणि दुर्बिणीला शिव्या देतो.

५० मीटरवर शून्य केलेली रायफल १०० मीटरवर जवळजवळ वीतभर खाली मारते, कारण ही गोळी हळू आहे. स्पर्धेची काडतुसे तर मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू ठेवतात, म्हणजे वाटेत आवाजाचा वेग ओलांडताना गोळी डळमळत नाही. वाराही हिला ढकलतो. आडव्या वाऱ्याची बऱ्यापैकी झुळूक ५० मीटरवर दोनेक सेंटिमीटर सरकवते. म्हणून शून्य करायला सकाळची, वारा पडलेली वेळ धरतात.

काडतुसाची जात बदलली की शून्य पुन्हा तपासावे लागते. एकाच रायफलीत एका कंपनीची काडतुसे रुपयाएवढा पुंजका देतात आणि दुसऱ्या कंपनीची बशीएवढा. मोठ्या स्पर्धांचे खेळाडू रायफलीची नळी पकडीत बसवून वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे मारून पाहतात आणि जी मानवतील तीच घेतात.

आणि कितीही हिशेब केला तरी पुंजका जागेवर राहत नसेल, तर घुंडीला हात लावण्याआधी रिंगांचे, खाचेचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासावेत. दहापैकी बहुतेक वेळा दुखणे तेथेच निघते.

कागद वाचायला शिका

आता ज्यासाठी हे सारे लिहिले तो मुद्दा.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. आमच्या अभ्यासिकेत येणारी अकरावीतली एक मुलगी संध्याकाळी तोंड पाडून बसली होती. एन.सी.सी.च्या चांदमारीत तिचे पाचही नेम चुकले, कॅम्पच्या नेमबाजी संघातून नाव गेले. वडील सफाई खात्यात कामाला, ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, आपल्या लोकांना हे खेळ कुठले जमायला?" आम्हास ते वाक्य फार लागले. मुलीने कागद घडी करून वहीत ठेवला होता. तो घेऊन आम्ही तिघे सुभेदारांकडे गेलो.

सुभेदारांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला.

"जयभीम, बस बाळ. ही पाचही भोके तुझीच का?"

"हो आजोबा. सगळी डावीकडे खालीच गेली. सर म्हणाले, तुला नेम नाही."

सुभेदारांनी खिशातून रुपयाचे नाणे काढून भोकांवर ठेवले. चार भोके नाण्याखाली झाकली गेली, पाचवे कडेला अर्धे दिसत राहिले. त्यांनी नाणे तसेच ठेवून वडिलांकडे पाहिले.

"भाऊ, ज्या पोरीच्या पाच गोळ्या रुपयाखाली झाकतात तिला नेम नाही कोण म्हणतो? पोरीने पाच वेळा तेच केले, रायफलीनेही पाच वेळा तेच केले. चूक असती तर भोके कागदभर पसरली असती. ही रायफल शून्यावर नाही एवढेच."

मग त्यांनी तिला कागद वाचायला शिकवले. भोके एकावर एक उभ्या रांगेत पडली तर श्वास सांभाळला गेलेला नाही. आडवी पसरली तर बहुधा चाप हिसक्याने ओढला जातो. सगळीकडे विखुरली तर स्थितीच बसलेली नाही. आणि एका जागी गोळा होऊन भलतीकडे पडली तर मारणारा ठीक आहे, साधन तपासा. पुंजक्याचा आकार माणसाविषयी सांगतो, पुंजक्याची जागा साधनाविषयी.

ही मुले मारतात ती रायफल दुर्बिणीची नसते, तिच्यावर साध्या खुणा असतात. पण नियम तोच. मागची खूण ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी सरकते, पुढची सरकवली तर उलट. शिवाय सुभेदारांनी आणखी एक गोष्ट सांगितली. लष्करात ज्याची रायफल त्याने स्वतः शून्य करायची असते, कारण प्रत्येकाचा गाल, डोळा आणि पकड वेगळी. एका जवानाचे शून्य दुसऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही. कॉलेजात एक रायफल दहा मुलांच्या हातून जाते. ज्याच्या घरी स्वतःची रायफल आहे, क्लबाची फी आहे, त्याचे शून्य त्याच्यासाठी आधीच केलेले असते. आपल्या मुलांना दुसऱ्याच्या शून्यावर मारावे लागते आणि निकाल मात्र सर्वांचा एकाच कागदावर लागतो.

आम्ही मुलीच्या नावाने चार ओळींचा विनंती अर्ज लिहिला. तक्रार कोणाचीच केली नाही. कागद जोडला आणि रायफल तपासून पुन्हा पाच गोळ्यांची संधी मागितली. त्या अधिकाऱ्यांविषयी सांगायचे तर एका सकाळी चाळीस मुले, चार रायफली आणि मोजकी काडतुसे, यात कागद निरखायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी अर्ज वाचला आणि पुढच्या सरावाला दुसरी रायफल दिली. पुंजका पहिल्याएवढाच आला, पण या वेळी चांदाच्या काळ्या भागात. त्या वर्षीच्या कॅम्पची यादी तोवर गेली होती. पुढच्या वर्षी तिचे नाव यादीत आले.

पालकांनी काय करावे

खर्चाची गोष्ट यात फार थोडी आहे. दादरच्या कीर्ती कॉलेजातल्या अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती एन.सी.सी.मुळेच. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. एन.सी.सी. १९४८ पासून आहे आणि मुलींची शाखा १९४९ पासून. तिच्या चांदमारीत रायफल, काडतूस आणि देखरेख सरकारची असते. तेव्हा मुलगी "मला फायरिंगला जायचे आहे" म्हणाली तर तिला अडवू नका.

मूल चांदमारीवरून आले की "किती मार्क?" असे विचारण्याआधी "कागद दाखव" म्हणा. त्यावर तारीख, अंतर आणि रायफलीचा नंबर लिहायला लावा. कागद एका फायलीत लावत जा. सहा कागद जमले की एकाच नंबरच्या रायफलीवर सगळ्यांच्या गोळ्या डावीकडे जातात की काय ते दिसू लागते. पुंजका लहान होत चालला असेल तर मुलाची प्रगती आहे, गुण काहीही असोत. पुंजका लहान असून जागा चुकत असेल तर मुलाला शांतपणे विचारायला शिकवा, "सर, या रायफलीचे शून्य कधी केले होते?" हे उद्धट बोलणे नव्हे. कोणताही चांगला उस्ताद या प्रश्नावर खूश होतो.

परवान्याविषयी स्पष्ट लिहितो. पॉइंट टू टू रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. कोणाच्या ओळखीने, कोणाच्या शेतावर जाऊन मारून पाहण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नका. जत्रेतल्या किंवा दुकानातल्या हवेच्या बंदुकीने पाखरे मारणे हाही खेळ नव्हे. ही गोळी लहान दिसते, पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून मागे मातीचा भरभक्कम बांध असलेल्या मैदानाबाहेर ती झाडायचीच नाही. चांदमारीवर कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. परत आल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कारण गोळी शिशाची असते आणि शिसे पोटात जाणे वाईट.

एवढे कळल्यावर कोणी तुमच्या लेकराला "याला नेम नाही" म्हणाले, तर लगेच मान खाली घालू नका आणि लगेच भांडायलाही उठू नका. कागद मागा, खिशातला रुपया काढा आणि भोकांवर ठेवून पाहा. भोके झाकली गेली तर लेकराच्या पाठीवर हात ठेवा आणि रायफल तपासायला सांगा. झाकली गेली नाहीत, तर पुढच्या रविवारी त्याला पुन्हा सरावाला पाठवा.